स्लॅबवर टाइल्स बसवताना खान्देशच्या उन्हाचा हिशेब

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास फिरायला लागला की कुठल्या ना कुठल्या घरातून फरशी उचलल्याची तक्रार येतेच. दुपारची वेळ, घर बंद, आणि हॉलच्या मधोमध दोन टाइल्स एकमेकींना रेटून तंबूसारख्या वर आलेल्या. घरमालक तडक टाइलच्या दुकानात जाऊन भांडतो. पण ती टाइल उलटून पाहा. मागची बाजू बहुतेक कोरी असते, मालाचे चार-पाच गोळे तेवढे चिकटलेले आणि मधे सगळी पोकळी. भिंतीकडेला पाहिलं तर टाइल गिलाव्याला घट्ट भिडवलेली. खालून पकड नाही आणि बाजूला सरकायला जागा नाही. काम पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो, पण या दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवणार आहे, कारण आपल्या भागातली बहुतेक फरशी तिथेच बिघडते.

डोळ्यासमोर साधं घर ठेवलं आहे. आरसीसी स्लॅब, १२ बाय १४ फुटांची खोली, २ बाय २ फुटी विट्रिफाइड टाइल. काम तुम्ही स्वतः करा किंवा मिस्त्रीकडून करून घ्या, क्रम हाच राहतो.

आधी स्लॅब तपासा

नव्या स्लॅबवर २८ दिवसांच्या आत टाइलचा विचारच करू नका. दोन-तीन महिने थांबता आलं तर फार चांगलं. काँक्रीट वाळताना आकसतं, आणि ते आकसणं सुरुवातीच्या महिन्यांत जास्त असतं. १४ फुटांच्या लांबीत दीड-दोन मिलिमीटर फरक सहज पडतो. वर चिकटलेली टाइल आकसत नाही, त्यामुळे ती दाबली जाते. पुढे उन्हाळा आला की त्या दाबात आणखी भर पडते. तोवर गिलावा, वायरिंग, नळाची लाइन ही कामं उरकून घ्या.

स्लॅब झाडून हातोडीने ठोकत ठोकत खोलीभर फिरा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तिथे वरचा थर सुटलेला आहे, तो फोडून काढा. गिलाव्याचे वाळलेले थेंब, रंगाचे डाग, सेंट्रिंगवाल्यांनी सांडलेलं तेल, सगळं छिन्नीने आणि तारेच्या ब्रशने खरवडा. या कामाला कुणी वेगळे पैसे देत नाही म्हणून ते नेहमी घाईत होतं. मजुरी वेगळी द्यावी लागली तरी द्या.

ओल तपासायची युक्ती सोपी आहे. दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने जमिनीला चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खालून थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झालेलं दिसलं, तर अजून थांबा.

तळमजल्याची गोष्ट वेगळी. तापीकाठच्या काळ्या मातीत घर असेल तर ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यातला भराव नीट दाबलेला नसेल तर वरचा कोबा कडेने बसतो आणि भिंतीलगत फट दिसू लागते. अशी फट वाढत असेल तर त्यावर टाइल लावणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. भरावात काळी माती अजिबात नको. मुरूम थराथराने, पाणी मारून, धुमसाने किंवा कॉम्पॅक्टरने दाबलेला हवा, त्यावर डबर सोलिंग, मग कोबा. जुनी माणसं भरावाला एक पावसाळा खाऊ द्या म्हणायची. जमत असेल तर आजही तेच करावं.

लेव्हल, दार आणि जिना

लेव्हलच्या पाइपात पाणी भरून चारही भिंतींवर जमिनीपासून सुमारे एक मीटरवर खुणा करा आणि सूतदोरीने रेघ मारा. पाइपात बुडबुडा राहिला तर सगळं माप चुकतं, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं आलं का ते बघा. आता या रेघेच्या आधाराने दोरी ताणून दर तीन फुटांवर खाली स्लॅबपर्यंत माप घ्या आणि ते खडूने तिथेच लिहा. माप सगळ्यात कमी येईल ती जागा सगळ्यात उंच. समजा दाराशी १००० मिलिमीटर आलं आणि खोलीच्या मध्यावर १०१८, तर मधे १८ मिलिमीटरचा खड्डा आहे. आपल्याकडच्या घरांत एवढा फरक सर्रास असतो.

फरक पाच मिलिमीटरच्या आत असेल तर थेट अॅडहेसिव्हवर, म्हणजे टाइल चिकटवायच्या तयार मालावर, टाइल लावता येते. त्याहून जास्त असेल तर आधी सिमेंट-वाळूचा समतल थर, म्हणजे स्क्रीड, करून घ्यावा. अॅडहेसिव्हचा थर वाढवून खड्डा भरू नका. ते महाग पडतं, आणि जाड थर वाळताना आकसून टाइल खाली ओढतो.

वजनाचाही विचार करा. ५० मिलिमीटर जाडीचा माल म्हणजे चौरस मीटरला सुमारे १०० किलो. स्लॅबच्या हिशेबात फरशी आणि मालाचं मिळून वजन सहसा तेवढंच धरलेलं असतं. म्हणून वरच्या मजल्यावर तीन-चार इंच माल टाकून लेव्हल काढणारा भेटला तर त्याला तिथेच थांबवा आणि इंजिनिअरला विचारा.

जाडीची बेरीज कामाआधीच करा. स्क्रीड ३० मिलिमीटर, अॅडहेसिव्ह ४, टाइल ९, एकूण ४३. दार आतल्या बाजूला उघडत असेल तर ते घासेल, म्हणजे खालून रंधावं लागेल. जिना त्याच खोलीत येत असेल तर शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा पावणेदोन इंचांनी उंच होईल आणि म्हातारी माणसं तिथेच ठेचकाळतील. बाथरूमची फरशी खोलीपेक्षा किमान अर्धा इंच खाली राहायला हवी.

स्क्रीड

स्लॅबला दर दोन-तीन इंचांवर छिन्नीने टाचे मारा, झाडा, धुवा, आणि आदल्या रात्री भरपूर पाणी मारून ठेवा. उन्हाळ्यात हे चुकवूच नका. तापलेला स्लॅब मालातलं पाणी शोषतो आणि सिमेंटची पकड तयार होण्याआधीच माल कोरडा पडतो. सकाळी साचलेलं पाणी पुसून घ्या, सिमेंटचा पातळ घोळ ब्रशने घासा आणि तो ओला असतानाच एकास चार प्रमाणाचा माल टाका. सगळ्यात उंच जागीही थर किमान एक इंच राहू द्या. वाळू धुतलेली असावी. गिरणा-तापीची असो की क्रश सँड, मुठीत दाबून हात झटकल्यावर तळहाताला चिखल चिकटून राहिला तर ती चाळून धुवायला हवी. पाणी शक्यतो नळाचं वापरा. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पुढे सांध्यांतून पांढरी फुलं वर येतात.

आधी मालाचे लेव्हलचे टिपके, मग ते जोडणारे पट्टे, मग मधला भाग अॅल्युमिनिअमच्या पट्टीने ओढायचा. वरून घोटून गुळगुळीत करू नका, लाकडी रंध्याने खरबरीत ठेवा. सात दिवस पोती टाकून ओलं ठेवायचं आणि मग दोन आठवडे वाळू द्यायचं.

टाइल किती लागतील

दुकानदार क्षेत्रफळावर हिशेब देतो. १६८ चौरस फूट, त्यात दहा टक्के तूट, म्हणजे १८५. चार टाइल्सच्या बॉक्समध्ये साडेपंधरा चौरस फूट, म्हणून १२ बॉक्स. कागदावर बरोबर दिसतं, पण खोलीत कमी पडतं. का ते बघा.

२ बाय २ टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची असते. २ मिलिमीटरचा सांधा धरून ६०२. खोलीची रुंदी १२ फूट म्हणजे ३६५८ मिलिमीटर. सहा टाइल्स बसवल्या की कडेला पाच सेंटिमीटरची पट्टी उरते. लांबीच्या बाजूलाही सात टाइल्सनंतर तसंच. ही चिंचोळी पट्टी कापताना तुटते, नीट चिकटत नाही आणि दिसायलाही वाईट. म्हणून रुंदीत पाच पूर्ण टाइल्स मधे घ्या आणि दोन्ही कडांना सुमारे ३१५ मिलिमीटरचे तुकडे. लांबीत सहा पूर्ण आणि दोन्ही कडांना तसेच तुकडे. तुकडा अर्ध्याहून थोडा मोठा आहे, म्हणून एका टाइलमधून एकच निघतो. सात गुणिले आठ, ५६ टाइल्स, म्हणजे १४ बॉक्स.

उरलेले तुकडे वाया जात नाहीत. कडेच्या प्रत्येक टाइलमधून सुमारे पावणेतीनशे मिलिमीटर रुंदीचा तुकडा सुटतो आणि त्यातून चार इंची स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याला लावायच्या, दोन पट्ट्या निघतात. या खोलीत कोपरे सोडून असे २२ तुकडे, म्हणजे ४४ पट्ट्या. दार वगळता लागतात साधारण २५. कंपनीची धार असलेली बाजू वर ठेवायची. स्कर्टिंगसाठी वेगळा बॉक्स घ्यायची गरज नाही. एक बॉक्स जादा ठेवा, एकूण १५. तुमच्या खोलीची मापं घेऊन हाच हिशेब चौकटीच्या कागदावर मांडा, अर्धा तास लागतो.

घेताना सगळ्या बॉक्सवर बॅच आणि शेड एकच आहे का ते पाहा. आपल्याकडे बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीहून येतो आणि नंतर तीच शेड मिळेल याची खात्री नसते. दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा. मधे किंवा कडेला फट दिसली तर टाइल वाकडी आहे. २ बाय ४ फुटीत हे जास्त आढळतं, म्हणून त्या लांब टाइल्स विटांसारख्या अर्ध्यावर सरकवून लावू नयेत, फार तर एक तृतीयांश सरकवाव्यात. घरापुढचा ओटा आणि बाथरूमसाठी चकचकीत टाइल नको, मॅट घ्या.

आखणी

खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे असं गृहीत धरू नका. मधोमध एक रेघ मारा, तिला आडवी दुसरी. दोन्ही छेदतात तिथून पहिल्या रेघेवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजा. दोन्ही टोकांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर काटकोन जमला. मग एक उभी आणि एक आडवी ओळ टाइल्स कोरड्याच मांडून बघा. दारात उभं राहून नजर टाका. भिंत तिरकी असेल तर तिरका तुकडा पलंगाच्या किंवा कपाटाच्या बाजूला जाईल अशी ओळ सरकवा. दारातून समोर दिसणारा सांधा सरळ हवा.

अॅडहेसिव्ह आणि पकड

विट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी पीत नाही, तिचं शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. साध्या सिमेंटचा घोळ टाइलच्या पाठीतल्या बारीक छिद्रांत शिरून पकड घेतो, आणि इथे छिद्रंच नाहीत. जुन्या मोझॅक, शहाबादी किंवा कोट्याच्या फरशीला सिमेंट पुरायचं, इथे पुरत नाही. म्हणून पॉलिमर असलेलं टाइल अॅडहेसिव्ह घ्यायचं. पिशवीवर आयएस १५४७७ हे मानक आणि टाइप छापलेला असतो. विट्रिफाइडसाठी टाइप २ किंवा त्यावरचा घ्या. २० किलोच्या पिशवीत ३ मिलिमीटर थराने साधारण ५० चौरस फूट होतात. टाइलच्या पाठीवरही हात मारायचा असल्याने या खोलीला पाच पिशव्या धरा.

टाइलच्या पाठीवर भट्टीची पांढरी भुकटी असते. बोट फिरवलं की दिसते. ती ओल्या स्पंजने पुसली नाही तर अॅडहेसिव्ह भुकटीला चिकटतं आणि टाइल मोकळीच राहते. विट्रिफाइड टाइल पाण्यात भिजत घालायची गरज नाही.

बादलीत आधी पाणी, मग पावडर. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच. ड्रिलला मिक्सर लावून कालवा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा एकदा ढवळा. घट्ट झालं म्हणून वरून पाणी घालायचं नाही, तसा माल टाकून द्यायचा.

दातेरी थापी घ्या. २ बाय २ साठी ८ ते १० मिलिमीटरचे दाते. आधी थापीच्या सपाट बाजूने माल जमिनीवर घासून पातळ थर द्या, मग दात्यांनी एकाच दिशेने सरळ ओळी ओढा. गोल गोल फिरवलेल्या ओळींत हवा अडकते. टाइलच्या पाठीवरही पातळ हात मारा. टाइल ठेवल्यावर ओळींच्या आडव्या दिशेने किंचित पुढे-मागे सरकवत दाबा, म्हणजे ओळी मोडून सपाट होतात. मग रबरी हातोडीने हलके ठोके.

पहिल्या तीन-चार टाइल्सपैकी एक लगेच उचलून पाठ पाहा. खोलीत किमान ८० टक्के भाग मालाने भरलेला हवा, बाथरूम आणि गच्चीवर ९५. ओळी तशाच उभ्या दिसल्या तर दाब कमी पडला किंवा माल वाळला. मिस्त्रीसमोर एकदा अशी टाइल उचलून दाखवा. फुटावर ठेका असला की पाच गोळे ठेवून टाइल दाबायचा मोह होतो, कारण लेव्हल पटकन मिळते. त्याच पोकळीवर उद्या लोखंडी कपाटाचा किंवा दादर ज्वारीच्या कोठीचा पाय येतो आणि टाइल तडकते.

उन्हाळ्यात वेळेचं गणित बदलतं. पसरलेला माल एरवी वीसेक मिनिटं ओला राहतो. आपल्या मे महिन्यात, त्यात पंखा चालू असेल, तर निम्म्या वेळात त्यावर साय धरते. बोट लावून बघा, माल बोटाला आला नाही तर खरवडून काढा. एका वेळी दोन टाइल्सपुरताच माल पसरा, पश्चिमेच्या खिडक्यांना पोती लावा, पंखा बंद ठेवा, टाइलचे बॉक्स सावलीत ठेवा आणि काम पहाटे सुरू करून अकराच्या आत थांबवा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, किंवा लेकीच्या लग्नाला फरशी हवीच असेल तर हे सांभाळून करता येतं. घाई नसेल तर दिवाळीनंतरचे तीन महिने उत्तम. धुळ्याकडे पारा एक आकडी झाला की अॅडहेसिव्ह उशिरा पकडतं, मग एक दिवस जास्त थांबायचं.

सांधा आणि कडेची फट

बिनसांध्याची फरशी सुंदर दिसते म्हणून मालकच आग्रह धरतात. हा आग्रह कृपा करून सोडा. टाइल्समधे किमान २ मिलिमीटरचा स्पेसर घाला, लेव्हलच्या क्लिपा आणि पाचरी वापरा, म्हणजे कडा एका पातळीत येतात.

भिंतीपाशी चारही बाजूंना ८ मिलिमीटर फट ठेवा. तेवढ्या जाडीची थर्माकोलची पट्टी भिंतीला उभी लावा आणि टाइल तिला टेकवा. काम झाल्यावर पट्टी काढून टाका. या फटीत सिमेंट, ग्राउट (सांधे भरायचा माल), उरलेला माल काहीही जाऊ देऊ नका, नाहीतर फट ठेवल्याचा उपयोग शून्य. वरून स्कर्टिंग येतं, त्यामुळे ती दिसत नाही. स्कर्टिंगसुद्धा फरशीवर घट्ट टेकवू नका, एक-दीड मिलिमीटर वर ठेवून त्यात सिलिकॉन भरा. खांब आणि दाराच्या चौकटीभोवतीही हेच.

दोन खोल्या सलग असतील आणि लांबी २० ते २५ फुटांच्या पुढे जात असेल, तर दाराच्या उंबऱ्यावर एक पूर्ण सांधा ग्राउटऐवजी सिलिकॉनचा ठेवा. गच्चीवर हा नियम कडक आहे, तिथे दर १० फुटांवर दोन्ही दिशांना असा सांधा हवा. २० फुटांच्या गच्चीवर पहाट आणि दुपार यांत फरशीच्या तापमानाचा फरक ४० अंश पडला तर फरशी सुमारे पावणेदोन मिलिमीटरने लांबते. ती लांबी कुठेतरी मावली पाहिजे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग मात्र आधी व्हायला हवं, टाइल गळती थांबवत नाही. ओटा आणि गच्चीला पाणी निघून जायला दर १० फुटांना सव्वा ते दीड इंच ढाळ द्या. हा ढाळ स्क्रीडमध्येच काढायचा.

ग्राउट आणि नंतर

२४ तास फरशीवर पाय नको. दुसऱ्या दिवशी लोखंडी सळीच्या टोकाने किंवा नाण्याने प्रत्येक टाइल चारही कोपऱ्यांत आणि मधे वाजवा. पोकळ वाजलेल्या टाइलवर खडूने खूण करा आणि ग्राउट भरण्याआधीच ती काढून पुन्हा लावून घ्या. ग्राउट भरल्यावर हे काम चौपट अवघड होतं आणि कुणी हात लावत नाही.

क्लिपा तोडून सांधे साफ करा. व्हाइट सिमेंट नको, ते आकसून तडकतं आणि वर्षभरात काळं पडतं. खोल्यांना टाइलचं तयार ग्राउट चालतं. स्वयंपाकघर, जिथे हळद-तेल सांडणार, तिथे एपॉक्सी घ्या. एपॉक्सी लवकर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवा आणि लगेच पुसा. सिमेंटचं ग्राउट भरल्यावर उन्हाळ्यात एक-दोन दिवस ओलसर कापड फिरवत राहा. फरशीवरचा पांढरा मळ काढायला अॅसिड वापरू नका, त्याने सांधे खाल्ले जातात. ओला स्पंज आणि पाणी दोनदा बदलून पुसलं की पुरतं.

तीन दिवसांनी हलकं सामान, सातव्या दिवशी कपाट आणि कोठी. कोठी सरकवून नेऊ नका, रिकामी करून उचला. कानबाईच्या रोटांच्या सणाला किंवा लग्नाला घरात माणसांची गर्दी होणार असेल तर त्याआधी किमान दोन आठवडे फरशीचं काम संपलेलं असावं. उरलेल्या टाइल्स माळ्यावर आडव्या न रचता भिंतीला उभ्या टेकवून ठेवा, आणि बॅच नंबर, शेड, ग्राउटचा रंग एका कागदावर लिहून मीटरच्या बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा.